आतल्या दालनाचा नववा पडदा

१

कापड कापायच्या आधी मी भिंत तीन ठिकाणी मोजते. वर, मधे आणि खाली. जुन्या घरांत हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पडदा कुठे दगा देणार ते तिथेच कळतं. कॉव्हेंट्रीत सत्तावीस वर्षं मी लोकांच्या घरांचे पडदे शिवले. म्हणून ‘यमुनाताई, मापात काहीतरी गडबड झाली असेल’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, फक्त गप्प बसते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मायराचा फोन आला. मायरा माझी मुलगी, एकुलती एक. दोन वर्षं आमच्यात दिवाळीच्या मेसेजपलीकडे बोलणं नव्हतं. फार्मसीचा कोर्स अर्धवट सोडून ती जुन्या राजवाड्यांतल्या कापडकामाकडे वळली, तेव्हा मी तिला म्हणाले होते, “लोकांच्या मुली वर चढतात. तू माझ्याच मशीनवर येऊन बसलीस.” त्यावर ती बॅग भरून निघून गेली.

फोनवर ती एका दमात बोलत होती. स्कॉटलंडमधला एक किल्ला, पूर्वी राजाराणी राहायचे तो. त्यांच्या खोल्या पाचशे वर्षांपूर्वी जशा होत्या तशा पुन्हा सजवायच्या होत्या. रंगवलेली छतं, पलंग, गालिचे, भिंतींवरचे पडदे. राणीच्या आतल्या दालनाचे पडदे मायराकडे होते, आणि तिच्याबरोबर शिवणाऱ्या बाईंचा खांदा धरल्यामुळे त्या काम सोडून गेल्या होत्या.

“आई, तू येशील? थ्री वीक्स फक्त. मला तुझी हात पाहिजे.”

“तुझे हात,” मी म्हणाले.

“हां, तेच. तुझे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांतने मला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत माझा नवरा खिडकीशी उभा होता. “भांडू नकोस गं,” एवढंच म्हणाला.

२

किल्ल्याचं नाव मी लिहीत नाही. लोक आजही तिकीट काढून तिथे जातात.

राणीचं आतलं दालन मला वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. आमचा वरचा मजला असेल तेवढं. एक उत्तरेची खिडकी, एक शेकोटी, दोन दारं. छताला निळा आणि लाल रंग इतका ताजा होता की पहिल्या दिवशी डोळ्यांना टोचला. मधोमध पलंग उभा होता, त्याला जांभळे पडदे. भिंती मात्र अजून उघड्या होत्या, पांढऱ्या चुन्याच्या. त्यांच्यावर हिरव्या लोकरी कापडाचे पडदे यायचे होते, छतापासून जमिनीपर्यंत. पलंगापेक्षा खोलीला ऊब देणार होते ते हेच.

मोराग नावाच्या बाई या सगळ्या कामाच्या प्रमुख होत्या. उंच, शांत, पायात कायम चिखलाचे बूट. राणीच्या काळातली सामानाची एक यादी होती आणि काम त्या यादीबरहुकूम चाललं होतं. त्या यादीत आतल्या दालनासाठी हिरवे पडदे नऊ लिहिले होते. खोलीत मावत होते आठ.

“लिहिणाऱ्याची चूक,” मोराग म्हणाल्या. “पाचशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना कामाचा कंटाळा यायचाच.”

आम्ही शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलांवर शिवायला बसायचो. सकाळी नऊ ते पाच. मायराचा हात बघून मी चाट पडले. अस्तर लावताना ती टाका इतका बारीक घालायची की उलट्या बाजूनेही दिसू नये. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मशीनखाली बसून तिने ते पाहून घेतलं असणार, पाच-सहा वर्षांची असताना.

“कुठे शिकलीस हे?” मी विचारलं.

“तुझ्याकडून. तू बघायची नाहीस, पण मी बघायची.”

मला काहीतरी बोलायचं होतं. सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने मी मान खाली घातली. त्या आठवड्याइतकी सुखी मी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते, हे आता लिहितानाही खरं वाटत नाही.

३

आठही पडदे एका बुधवारी टांगले. भिंतीवर वर लाकडी पट्टी होती, तिला पितळी हुक. पडद्याला पडदा भिडला, कुठे बोटभरही फट नव्हती. मोरागनी टाळ्या वाजवल्या. मायराने मला मिठी मारली, सगळ्यांसमोर.

गुरुवारी सकाळी शेकोटीच्या डाव्या कोपऱ्यात चार बोटं चुना दिसत होता.

मी आधी हुक पाहिले. सगळे जागच्या जागी. मग पडदे मोजले. आठही जसे कापले होते तसेच. मग मायराने लेझरने भिंत मोजली. आकडा कालचाच. भिंत तेवढीच, कापड तेवढंच, आणि तरी मधे चार बोटं उघडी. मी ती बेरीज एका कागदावर करून पाहिली, वेड्यासारखी, चारदा.

“लोकर आहे, दमट हवेत आखडते,” मोराग म्हणाल्या. “दुपारी पसरेल.”

लोकर आखडते, खरं आहे. पण आखडलेलं कापड टेपवर कमी भरतं. हे मी बोलले नाही. त्या बाईंनी आयुष्य अशा इमारतींत काढलं होतं, मी कॉव्हेंट्रीची पडदेवाली.

शुक्रवारी ती फट वीतभर झाली होती.

४

त्यानंतर आवाजाचं सुरू झालं.

मी पलंगाशी बसून झालर टाचत होते. मायराने काहीतरी विचारलं, अगदी लांबून, हॉलच्या पलीकडून विचारावं तसं. “जवळ येऊन बोल गं,” मी ओरडले आणि मान वर केली. ती त्या कोपऱ्यात उभी होती. माझ्यापासून चार पावलांवर.

“ओरडतेस काय?” ती म्हणाली. ओठ हलले आणि शब्द थोड्या वेळाने पोचले.

माझा कान, असं मी स्वतःला सांगितलं. साठीला आले, सर्दी झाली होती, भिंती जाड, लोकरीने आवाज दबतो. दुपारी मायरा जेवायला गेल्यावर मी कोपऱ्याकडे तोंड करून एकदा टाळी वाजवली. पलंगाच्या बाजूने टाळीचा आवाज लगेच परत आला. कोपऱ्याच्या बाजूने आलाच नाही. मी वाट पाहिली. मग बऱ्याच उशिराने एक बारीकशी टाळी ऐकू आली. आणि तिच्यामागून आणखी एक.

मी एकच वाजवली होती.

संध्याकाळी कारपार्कमध्ये मी मायराचा हात धरला. “आपण घरी जाऊ. उद्याच्या उद्या. तो कोपरा मला बरा वाटत नाही.”

मला वाटलं हसेल. पण तिचा चेहरा दोन वर्षांपूर्वीसारखा झाला.

“आय न्यू इट. तुला माझी काम कधी आवडलंच नाही. नेक्स्ट सॅटर्डे ओपनिंग आहे आणि तू म्हणते घरी चल. कोपरा बरा नाही! असं कोण बोलतं, आई?”

“कामाचं नाही गं...”

“मग हेल्प मी. मोराग म्हणाली नववा पडदा बनव. कापड आहे. लिस्टमध्ये पण आहे. गॅप बंद होईल, खतम.”

मी तिला टाळीचं सांगितलं असतं, तर कदाचित. पण पुन्हा एकदा तिच्या कामात पाय घालणारी आई मला व्हायचं नव्हतं. “बरं,” मी म्हणाले. “मी शिवते.”

नववा पडदा मीच शिवला. तिने नाही. हे मी पोलिसांनाही सांगितलं, पण त्यांनी लिहून घेतलं नाही.

५

मंगळवारी सकाळी साडेदहाला आम्ही तो टांगला. बाहेर स्वच्छ ऊन होतं, खिडकीतून अंगणातल्या शाळेच्या ट्रिपचा गलका येत होता. मोराग हॉलमध्ये फोनवर होत्या. दालनात आम्ही दोघीच.

पडदा नेमका बसला. कोपरा बंद झाला. आणि खोली एकदम शांत झाली. मुलांचा गलका कुणीतरी दार लावावं तसा तुटला. मी खिडकीकडे पाहिलं, मुलं धावत होती, तोंडं उघडी होती.

“आई, मागे अस्तर अडकला आहे हुकला,” मायरा म्हणाली. “एक मिनिट.”

तिने पडद्याची कड उचलली आणि आडवी होऊन मागे शिरली.

पडदा आणि भिंत यांच्यात दोन बोटांची जागा होती. पट्टीच तेवढ्या जाडीची. त्यात हात सरकवता येतो, माणूस शिरलं तर कापड पुढे यायला हवं. खांदा दिसायला हवा, गुडघा दिसायला हवा.

कापड फुगलं नाही. कड खाली पडली आणि पडदा सरळ लोंबत राहिला, इस्त्री केल्यासारखा.

६

“मायरा?”

“काय गं?” आवाज कापडाच्या लगेच मागून आला.

माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःवर हसलेसुद्धा. “बाहेर ये आधी. राहू दे ते अस्तर.”

“येते. ही भिंत किती थंड आहे! हात दे ना, आई. इथे पाय ठेवायला जागा नाही.”

कडेखालून हात बाहेर आला. मायराचाच हात. अंगठ्याशी लहानपणी माझ्या इस्त्रीने भाजल्याचा डाग, मधल्या बोटात अंगुस्तान. मी तो धरला. गरम होता. बोटांनी माझी बोटं घट्ट पकडली, आणि मी ओढायला लागले.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. खूप लांबून, दरीच्या पलीकडून यावा तसा.

“आई? आई, भिंत कुठे गेला? इथे भिंत नाहीये.”

मी ओढायची थांबले.

“आई, ओढ ना,” जवळचा आवाज म्हणाला. “माझा हात दुखतोय. किती वेळ लावतेस?”

“आई, तू कोणाशी बोलते?” लांबचा आवाज रडवेला झाला होता. “मला माझी आवाज ऐकू येते. आई, प्लीज, हू इज दॅट?”

लहानपणापासून मी तिला सांगत आले होते. ती भिंत, तो आवाज. तिला ते कधीच जमलं नाही. आणि माझ्या हातात जो हात होता, तो चुकत नव्हता. एकदाही चुकला नव्हता.

पण डाग तिचा होता. ऊब तिची होती. नखात माझ्याच हिरव्या लोकरीचा धागा अडकला होता. कोणत्या आईने तो हात सोडला असता?

“आई,” जवळचा आवाज आता अगदी हळू आला, समजूत काढल्यासारखा. “तू मला पुन्हा सोडणार आहेस का?”

लांबून फक्त “आई, आई” येत होतं, आणि दर हाकेला ते बारीक होत होतं.

मी हात सोडला.

पडदा दोन्ही मुठींत धरून खाली खेचला, हुक तुटून अंगावर पडले, आणि मी त्या लांबच्या हाकेकडे धावले. धावले म्हणजे एक पाऊल. कपाळ चुन्यावर आपटलं. पांढरी, थंड, भरीव भिंत. पायाशी हिरव्या कापडाचा ढीग, आणि ढिगाखाली कोणीही नाही. भिंतीला कान लावला तेव्हा अजून एकदा ऐकू आलं. त्याला शब्द म्हणता येणार नाही.

मग खिडकीतून मुलांचा गलका पुन्हा आला.

७

आम्ही दोघी आत गेल्याचं आणि मी एकटीच रक्ताळलेल्या कपाळाने बाहेर आल्याचं हॉलच्या कॅमेऱ्यात आहे. दुसऱ्या दाराला बाहेरून कुलूप होतं. पोलिसांनी दोन दिवस किल्ला पालथा घातला. मोरागनी स्वतः परवानगी मिळवून कोपऱ्यातला चुना खरवडला, दगडात भोक पाडून आत कॅमेरा सोडला. नऊ फूट दगड आणि त्यापलीकडे उघडा कडा. नववा पडदा पोलिसांनी नेला, आणि उरलेल्या आठांनी खोली पूर्ण भरली. फट नव्हती. कधी होती याचा फोटोही आमच्याकडे नव्हता, कारण फटीचे फोटो कोण काढतं?

पोलिसांनी आमच्या भांडणाबद्दल विचारलं. दोन वर्षं बोलणं नव्हतं म्हणता? याआधीही ती न सांगता निघून गेली होती? मग त्यांनी वही मिटली. मोठी मुलगी, स्वतःच्या मर्जीने गेली असेल.

श्रीकांत पहिल्याच गाडीने आला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ‘असं कसं होईल’ म्हणाला नाही, आणि याबद्दल मी त्याची आयुष्यभर ऋणी राहीन. लॉजच्या खोलीत तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

“यमुना, एक विचारू?”

“विचार.”

“हात हातात होता ना तुझ्या?”

“होता.”

“गरम होता?”

“हो.”

“मग सोडलास का?”

मी त्याला व्याकरण सांगितलं. ती भिंत, तो आवाज. सांगताना मलाच माझ्या तोंडचे शब्द ऐकू येत होते. श्रीकांतने मान हलवली. मग उठून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला. नळाच्या आवाजाखाली तो रडत होता.

आठवड्याने तो कॉव्हेंट्रीला परत गेला. तिने फोन केला तर घरी कोणीतरी हवं, म्हणाला. मी गेले नाही.

८

दालन महिनाभर उशिराने उघडलं. मी गावात एक खोली घेतली आहे. दर सोमवारी लोक यायच्या आधी तासभर पडद्यांची धूळ काढायला मोराग मला आत सोडतात. हे काम खरं म्हणजे कुणा शिकलेल्या माणसाचं. पण त्यांनी कुणाला तरी काहीतरी पटवलं असणार. त्या दारात उभ्या राहतात, आत येत नाहीत. त्यांनाही काही ऐकू आलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

पहिले पाच सोमवार मी कोपऱ्याशी तोंड नेऊन हाका मारल्या. काहीच परत आलं नाही. उशिरानेसुद्धा नाही. सहाव्या सोमवारी गुडघे टेकून मी त्या भिंतीची माफी मागितली, नक्की कुणाची ते मला माहीत नव्हतं.

दहाव्या सोमवारी कोपऱ्यात चार बोटं चुना दिसला.

मोराग पांढऱ्या पडल्या. पण पोलिसांकडून परत आलेला नववा पडदा त्यांनीच कपाटातून काढून दिला. “यमुना, मी हे करायला नको,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही.”

“तुम्हाला मूल आहे?” मी विचारलं. त्या बाजूला झाल्या.

पुढच्या सोमवारी फट वीतभर होती. मी नववा पडदा टांगला, आणि तो खाली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या पडद्यांना शिवून टाकला. वरपासून खालपर्यंत, दुहेरी दोऱ्याने. मग स्टूल घेऊन समोर बसले. बाहेरचा आवाज तुटला. पक्षी, गाड्या, सगळं. मी हाक मारली नाही. चुकीच्या कोणाला ऐकू जाईल, याची भीती होती.

दहा मिनिटं काही झालं नाही. मग डाव्या शिवणीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक टाका तटकन तुटला.

मग त्याखालचा. मग त्याखालचा. दोरा मागच्या बाजूने ओढला जात होता, सावकाश, कापड न दुखावता. शिवणकाम येणारं माणूस उसवतं तसं. फट बोटभर उघडली आणि तिच्यातून एका बोटाचं टोक पुढे आलं. काळवंडलेलं, नख मोडलेलं. चाचपडत माझ्या बाजूच्या टाक्यावर येऊन थांबलं.

“मायरा?” मी म्हणाले.

उत्तर नाही. श्वास ऐकू येत होता. लांब चालून आलेल्याचा असावा तसा.

“बोल गं काहीतरी. एक शब्द.”

बोटाने टाका खरवडला. बोलायला तोंड उरलं नसेल, किंवा बोललं की मला कळेल हे त्याला कळलं असेल. दोन्ही शक्य होतं, आणि ते ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बोटाला हात लावला. गरम की थंड ते मी इथे लिहिणार नाही, त्यावरून काही कळत नाही हे मी एकदा पाहिलंय.

दारातून मोरागचा आवाज आला, फार लांबून. “यमुना? झालं का?”

“थोडं राहिलंय,” मी म्हणाले, आणि माझ्या बाजूने उसवायला घेतलं.